पोटावरचा हात

माझी मोठी बहीण कशाने गेली, हा या लेखाचा प्रश्न आहे. लेख माझ्या आजारपणाचा आहे, हे खरे. परंतु मी आजारी पडले नसते, तर तो प्रश्न आमच्या घरात कोणी पुन्हा विचारलाच नसता. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतील.

मी आसेगावच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते आणि मंगरूळपीरला राहते. उदाहरण सोडवताना आधी काय दिले आहे ते लिहावे आणि मग काय काढायचे आहे ते लिहावे, असे मी मुलांना सांगत आले आहे. येथेही तसेच करते.

दिलेले असे. माझे माहेर अनसिंगचे. आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून मोठी, रिसोडला दिलेली. वडील ताईच्या लग्नाआधीच शेतात वीज पडून गेले. आई एकटी राहिली. गावात तिला मान होता तो तिच्या हातांमुळे. कोणाची बेंबी सरकली, म्हणजे पोटात गोळा आला, मळमळू लागले, जीव घाबरा झाला, की बाया सकाळी उपाशीपोटी आमच्या ओसरीवर येत. आई त्यांना चटईवर उताणे निजवी, बेंबीवर तीन बोटे टेकवून ठोका कोठे लागतो ते पाही आणि एरंडेलाचा हात लावून ठोका मध्यावर येईपर्यंत पोट दाबत राही. बहुतेकींना बरे वाटे. आई त्याचे काही घेत नसे.

ताईला लग्नानंतर काही वर्षांनी झटके येऊ लागले. एकाएकी डोके ठणकायचे, घाम फुटायचा, छाती धडधडायची आणि चेहरा पांढरा पडायचा. थोड्या वेळाने सगळे ओसरायचे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत रक्तदाब नेहमीसारखा झालेला असे. रिसोडला कोणी म्हणाले भीती बसली, कोणी म्हणाले अशक्तपणा. शेवटी ती लहान मुलीला घेऊन विश्रांतीसाठी माहेरी आली. आईने तिचे पोट पाहिले आणि बेंबी सरकल्याचे सांगितले. त्या सकाळी आई दाबत असताना ताई म्हणाली, "माय, डोकं फुटून राह्यलं." आई म्हणाली, "जराशीक सोस, आता बसतेच जागेवर." ताईने सोसले. गाडी जोडून वाशीमला नेईपर्यंत ती गेली होती. डॉक्टरांनी हृदयविकार म्हटले आणि आम्ही सर्वांनी ते मानले.

काढायचे काय, ते पहिल्या वाक्यातच लिहिले आहे.

वर्गात

माझा पहिला झटका वर्गात आला. पडलेला खडू उचलायला मी वाकले आणि उठताना डोक्यात घण बसल्यासारखे झाले. ब्लाऊज पाठीला चिकटला. हृदय गळ्यात आल्यासारखे उडत होते. मी टेबल धरून उभी राहिले. पुढच्या बाकावरची मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, तुमी पांढऱ्याफटक झाल्या. भूत पाह्यलं काय वो?" वर्ग हसला. मलाही हसू आले, पण ओठ हलेनात.

मग ते पुन्हा पुन्हा होऊ लागले. कधी वाकल्यावर, कधी पोटभर जेवल्यावर, तर कधी काहीच कारण नसताना. आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजला की तो बहुधा ठीक निघे. एकदा थोडा वाढलेला सापडला म्हणून मीठ बंद झाले. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही टेन्शन फार घेता." शेजारच्या काकू म्हणाल्या, पाळी जायचे वय आहे. माझ्या मिस्टरांचे कृषी केंद्र आहे. ते दुकानातून येऊन म्हणत, "तुले काई झालं नाई. तू आराम कर." दोन्ही वाक्ये एका दमात म्हणत, त्यामुळे मला राग येई. काही झाले नसेल, तर आराम कशाचा?

या आजारातला सर्वांत एकाकी भाग हाच आहे. झटका येतो तेव्हा मरण समोर दिसते. झटका जातो तेव्हा पुरावा काहीच उरत नाही. शेवटी माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतो.

दिवाळीची सुट्टी

त्या वर्षी दिवाळीला अनसिंगला गेले असता आईने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "उद्या सकाळी काई खाऊ नको. पोट पाह्यतो तुहं."

मी चटईवर निजले. एरंडेलाचा वास लहानपणापासून ओळखीचा होता. आईने ठोका शोधला आणि डाव्या कुशीकडून बेंबीकडे अंगठा दाबत आणला. दुसऱ्यांदा दाबले, तेव्हा माझ्या डोक्यात तोच घण बसला. "माय, सोड," मी म्हणाले.

"अवं, सोस ना जराशीक."

मी तिचा हात झटकला. जोराने झटकला; तेलाची वाटी कलंडून ओसरीभर तेल झाले. मी भिंतीला टेकून बसले आणि धापा टाकू लागले. आई तेल पुसत म्हणाली, "शिकलेल्या लोकायले माय दुखवते. तुही बहीन तं अशी नोती."

खरेच. ताई अशी नव्हती. ताई आईचे ऐकत असे.

आई मग भाऊबीज होईपर्यंत माझ्याशी सरळ बोलली नाही.

अकोला

झटके वाढले, तेव्हा मिस्टरांनी अकोल्याला ग्रंथींच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आईही हट्टाने सोबत आली. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले, मध्येच तोडले नाही. मग मला टेबलावर निजवून दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि पोट तपासायला हात ठेवला. डाव्या बाजूला हात जरा खोल गेला आणि मला झटका आला.

डॉक्टरांनी हात उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, यंत्राकडे पाहिले. त्यावर जो आकडा होता तो मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता. पट्टा पुन्हा पुन्हा फुगत होता आणि आकडा हळूहळू उतरत होता. मग ते मिस्टरांना म्हणाले, "तपासण्या होईपर्यंत मी नाव घेणार नाही. पण एक गोष्ट आत्ताच सांगतो. यांचं पोट कुणी दाबायचं नाही. मालिश, तेल लावणं, काहीही नाही. त्यानं जीव जाऊ शकतो."

आई टेबलाच्या पायथ्याशी उभी होती. तिने दोन्ही हात पदरात घेतले. त्या वेळी मला वाटले, वातानुकूलित खोलीत तिला थंडी वाजत असावी.

तपासणी साधी आणि गैरसोयीची होती. दिवसभराची आणि रात्रभराची सगळी लघवी एका कॅनमध्ये गोळा करून प्रयोगशाळेत द्यायची. मंगरूळपीरहून अकोल्याच्या एसटीत तो कॅन बर्फाच्या डब्यात घालून मिस्टर मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या मावशी डब्याकडे पाहत म्हणाल्या, "तूप हाय काय वो भाऊ? सुवास तं नाई येऊन राह्यला."

"नाई मावशी, औषध हाय."

"कायचं?"

मिस्टर दुकानदारच. "फवारनीचं," ते म्हणाले. मावशींनी पाय वर घेतले आणि अकोला येईपर्यंत पदर नाकाला लावून बसल्या. त्या अख्ख्या महिन्यात मी तेव्हा एकदाच मनापासून हसले.

अहवाल आला, स्कॅन झाला, तेव्हा डॉक्टरांनी नाव घेतले. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. भय वाटले की पळण्याचे किंवा लढण्याचे बळ देणारा रस ती रक्तात सोडते. माझ्या डाव्या ग्रंथीत गाठ झाली होती आणि ती भयाचे कारण नसतानाही तोच रस सोडत होती. तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. गाठ कर्करोगाची दिसत नव्हती. ती क्वचित होते, शस्त्रक्रियेने निघते. मात्र न ओळखता तिला धक्का लागला तर ती घात करते.

मला रडू आले, ते भीतीने नाही. वर्गातल्या त्या मुलीने भूत म्हटले होते. माझ्या आत खरोखर काहीतरी होते आणि त्याला नाव होते.

मीठ

शस्त्रक्रियेआधी काही आठवडे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी घ्यावी लागते. तिने नाक चोंदते आणि उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. सोबत भरपूर पाणी आणि भरपूर मीठ खा, असे सांगितले गेले. आई माझ्याकडे राहायला आली होती आणि तोवर अळणी भाजी शिजवत होती. ती म्हणाली, "काल मीठ खाल्लं तं मरसान, आज नाई खाल्लं तं मरसान. ह्या डॉक्टरायले एक काय ते ठरवता येत नाई काय?" सैल झालेल्या रक्तवाहिन्या भरण्यासाठी पाणी लागते आणि पाणी धरून ठेवण्यासाठी मीठ लागते, हे मी तिला तांब्या आणि पेला घेऊन समजावले. तिने नीट ऐकले. मग विचारले, "दाबल्यानं तो रस एकदम सुटते, असंच ना?"

"हो," मी म्हणाले.

ती भाकरी थापायला वळली.

नागपूर

नागपूरच्या रुग्णालयात माझ्या खाटेच्या डोक्याशी एक पाटी लावली होती: पोट दाबून तपासू नये. सकाळी शिकाऊ डॉक्टरांचा घोळका येई. पाटी वाचायच्या आधीच एकाने हात पुढे केला, तेव्हा आई स्टुलावरून उठून ओरडली, "हात लावू नोका! लावू नोका हात!" सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. तो बिचारा माफी मागून मागे सरला.

तेव्हापासून आई खाटेजवळून हलेना. नर्स इंजेक्शन द्यायला आली तरी ती माझ्या पोटावर आडवा हात धरी, अंगाला न टेकवता, वर धरून. समोरच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "आजी, पोरीच्या पोटात सोन्याचा हंडा पुरला काय तुमी?" वॉर्ड हसला. मीही हसले. आई हसली नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मला कळले की तिला सगळे समजले आहे. अकोल्याच्या त्या खोलीत, डॉक्टरांनी हात उचलला त्या क्षणीच समजले होते. तिने हात पदरात घेतले होते ते थंडीने नव्हे.

आम्ही दोघी त्यावर बोललो नाही. मी तिच्या मनात जायला घाबरत होते आणि ती माझी शस्त्रक्रिया पार पडायची वाट पाहत होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई येऊन बसल्या. त्यांनी स्पष्ट सांगितले की सर्जन गाठीला हात लावील तेव्हा रक्तदाब उसळेल आणि गाठ निघाली की तो कोसळेल. दोन्ही वेळा तो आवरायचे काम त्यांचे. जाताना माझ्या पायाचा अंगठा हलकेच दाबला आणि म्हणाल्या, "तुम्ही झोपा, मी जागी असते." एवढे एकच वाक्य पुरले. ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी भूलतज्ज्ञांशी आधी बोलायची संधी जरूर मागावी.

जाग आली तेव्हा अतिदक्षता विभागात होते. घसा कोरडा, अंगभर नळ्या, आणि छातीत शांतता. कित्येक महिन्यांत माझे हृदय मला ऐकू येत नव्हते असा तो पहिला क्षण होता.

डॉक्टरांचा प्रश्न

घरी सोडण्याआधी नागपूरच्या डॉक्टरांनी समोर बसवून विचारले, "हा आजार काही घराण्यांत रक्तातून उतरतो. तुमच्या घरात कुणी अचानक गेलं आहे का?"

मी शब्द जुळवत होते. आई आधी बोलली.

"माही मोठी पोरगी. असेच झटके येत तिले. माह्या हाताखाली गेली, साहेब. पोट चोळून राह्यली होती मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. त्यांनी तिला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. विचारले, "त्यांना मूल आहे?"

"एक पोरगी हाय. रिसोडले."

"तिला तपासायला हवं," ते म्हणाले.

आधी माझे रक्त गेले. जनुकात दोष निघाला. मग आईचे तपासले. तिच्यात तो नव्हता. म्हणजे तो वडिलांकडून आला असणार. मी अहवाल वाचून दाखवला, तेव्हा सुटल्यासारखे तिला वाटेल अशी माझी कल्पना होती. ती म्हणाली, "माह्या रक्तातून आलं असतं तं सोसलं असतं. रक्त काई कोनी जानून देत नाई. हात तं मी जानून ठेवला."

रिसोड

भाची प्रणाली आता मोठी झाली होती आणि तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. आम्हांला मूलबाळ नाही, म्हणून पुढच्या पिढीत तपासायचे ते तिलाच. मी आणि मिस्टर रिसोडला गेलो. भाऊजींनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "सोयरीक जुळून राह्यली, अन् तुमी पोट्टीचं रक्त तपासा म्हनता? लोक काय म्हनतीन?" त्यांचे चूक नव्हते. ज्या घराने मुलीची आई गमावली आहे, तेथे पुन्हा तिच्या मरणाचे नाव काढायला आम्ही गेलो होतो.

माझी अडचण वेगळी होती आणि ती मी येथे लिहून ठेवते. असा दोष फार थोड्या लोकांत असतो. प्रणालीत तोच दोष निघाला, तर तो तिच्या आईकडूनच आला, असे मानावे लागेल. म्हणजे माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीच्या रक्तात होते. उत्तर मिळावे असे मला वाटत होते आणि तिचा अहवाल कोरा यावा असेही वाटत होते. दोन्ही एकाच वेळी शक्य नव्हते.

प्रणाली दाराशी उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि म्हणाली, "मावशी, मले आईची एकच गोष्ट आठोते. तिच्या मांडीवर बसली की तिच्या आंगाचा थंडगार घाम माह्या फ्राकले लागे. मी येते तुह्यासोबत." मग वडिलांना म्हणाली, "बाबा, ज्याले पळायचं अशीन त्याले आताच पळू द्या."

अहवाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत आई देवापुढे बसत नव्हती. मी विचारले तेव्हा म्हणाली, "मागू काय? हो मागू का नाई मागू?"

अहवाल आला. दोष होता, माझ्यात होता तोच.

प्रणालीच्या स्कॅनमध्ये आज गाठ नाही. तिला ठरलेल्या तपासण्या दर वर्षी कराव्या लागतील, आणि गाठ झालीच तर ती वेळीच सापडेल. तिच्या आईला ही संधी मिळाली नव्हती. मुलाकडच्यांना भाऊजींनी स्वतः जाऊन सांगितले. त्यांच्याकडून पुन्हा बोलणे आले नाही.

उत्तर

ताईत तो दोष होता, हे आता जवळजवळ नक्की म्हणता येते. तिला गाठ होती, हे लक्षणांवरून फार संभवनीय आहे. त्या सकाळी त्याच गाठीने तिचा जीव घेतला का, हे सिद्ध करता येत नाही. शवविच्छेदन झाले नाही आणि ते रक्त आता कोठेही नाही. मी डॉक्टरांना दोनदा विचारले. ते इतकेच म्हणाले की वाकल्याने, ओझे उचलल्याने, किंवा काहीच कारण नसतानाही, तो झटका दुसऱ्या दिवशीही येऊ शकला असता.

हे सगळे मी अनसिंगला जाऊन आईला सांगितले. ओसरीवर आता कोणी येत नाही. एखादी बाई आलीच तर आई दारातूनच म्हणते, "हात थकले वो माहे," आणि आत जाते. ती गव्हातले खडे वेचत ऐकत होती. माझे बोलून झाल्यावर म्हणाली, "म्हंजे मी हात उचलला असता तं वाचली असती काय?"

मी पुन्हा सांगू लागले की निश्चित म्हणता येत नाही, की दुसऱ्या दिवशीही...

"बाई," ती म्हणाली. ती मला कधी बाई म्हणत नाही. शाळेतली मुले म्हणतात. "हो का नाई, ते सांग."

वर्गात मी हेच म्हणत असते. मी म्हणाले, "माय, मले माहीत नाई."

तिने मान हलवली आणि सूप पुन्हा पुढे ओढले. गहू निवडून झाले होते. ती त्यांतून बोटे फिरवत राहिली.

वाचकांना एकच विनंती आहे. एकाएकी डोके ठणकणे, घाम येणे आणि छाती धडधडणे, हे तिन्ही एकत्र होत असेल, तर झटका चालू असतानाच रक्तदाब मोजून घ्या. तो ओसरल्यावर मोजून उपयोग नाही. निदान होईपर्यंत पोट कोणाला दाबू देऊ नका. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. आणि मी लिहिले आहे म्हणून यातले काहीही खरे मानू नका. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. स्वतः तपासून पाहा.